दुकानाचे मागचे दार

दुकानाच्या पुढच्या दाराने माल गिऱ्हाइकाकडे जातो. जे विकले जात नाही, ते मागच्या दारच्या पिंपात जाते. गळकी ॲसिडची बाटली, फाटलेली ब्लीचिंग पावडरची पिशवी, जुन्या बॅटऱ्या, फुटकी ट्यूबलाइट, सारे एकत्र. धोका आहे तो या एकत्र करण्यात.

ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड यांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर १९१५ साली हाच वायू शस्त्र म्हणून सोडला गेला होता. म्हणून ही दोन दूर ठेवावीत, मूळ वेष्टनातच ठेवावीत. लिथियमच्या बॅटरीची टोके धातूला भिडली तर आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या डब्यात निराळी ठेवावी. ट्यूबलाइट फुटली तर आतला पारा हवेत मिसळतो. खिडक्या उघडून पाव तास बाहेर थांबावे, मग केरसुणी न लावता पुठ्ठ्याने काचा उचलून झाकणाच्या बरणीत भराव्यात.

जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण पिंप उचलणारा हात दुकानातल्या हमालाचा असतो, आणि वेष्टनावरची सूचना बहुधा इंग्रजीत. त्या हातासाठी मोजे देणे हा उपकार नव्हे; तराजूइतकेच तेही दुकानाचे साहित्य आहे. मागच्या दारावर मराठीत चार ओळींची पाटी लावावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवावी.