घरमालक, गरम पाणी आणि दीडदमडीचा थर्मामीटर

होस्टेलवर सकाळी सहाला सोलरचं पाणी कोमट येतं आणि पावणेसातला तेही संपतं! यावरून रेक्टर सरांशी होणारी भांडणं मी विद्यार्थी म्हणून चार वर्षं केली, आता शिक्षक म्हणून ऐकतो. पण गरम पाणी आणि घराची ऊब यांवरून भाडेकरू आणि घरमालक रीतसर कोर्टात कसे उभे राहतात हे बघायचं असेल तर न्यूयॉर्कला जावं. आपली बरीच मुलं एमएससाठी त्या भागात जाऊन भाड्याने राहतात, आणि मीही राहिलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिथे उणे तापमानात ऊब ही चैन नसते, त्यामुळे कायद्यात चक्क आकडे आहेत. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा 'हीट सीझन'. या काळात सकाळी ६ ते रात्री १० बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर घरात किमान ६८ (म्हणजे आपले २० सेल्सिअस) हवेत. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असो, घरात ६२ हवेतच. नळाला गरम पाणी वर्षभर, चोवीस तास, किमान १२० अंशांचं, म्हणजे साधारण ४९ सेल्सिअस. नदीपलीकडच्या न्यू जर्सीत आकडे थोडे वेगळे आहेत, तेव्हा आपण नेमके कुठल्या किनाऱ्यावर आहोत ते आधी बघावं.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी गंमतीचा भाग. तिथल्या जुन्या इमारतींत तळघरात एकच बॉयलर असतो. वाफ स्वतःच वर चढते, पंप लागत नाही. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता खोलीला मिळते, आणि झालेलं पाणी बहुतेक ठिकाणी त्याच पाइपातून उताराने खाली येतं. उतार चुकला की वाफ आणि पाणी समोरासमोर येतात आणि मध्यरात्री कुणीतरी पाइपावर हातोडा मारतंय असा आवाज होतो. पहिल्या रात्री आम्ही चौघंही दचकून उठलो होतो.

रेडिएटरच्या बाजूला एअर व्हेंट नावाची अंगठ्याएवढी झडप असते. आतली हवा तिच्यातून बाहेर गेली तरच वाफ आत शिरते. रंगाऱ्याने तिच्यावर ब्रश फिरवला की संपलं. हवा अडकते, वाफ बाहेरच थांबते, रेडिएटर थंडगार. म्हणजे "बॉयलर चालू आहे" असं म्हणणारा घरमालकही खरा आणि "घर गार आहे" म्हणणारा भाडेकरूही खरा! निम्मी भांडणं इथेच होत असावीत असं माझं मत.

उरलेली निम्मी पैशाची. अशा इमारतींत इंधनाचं बिल बहुधा मालक भरतो. त्यामुळे त्याला बॉयलर कमी चालवावासा वाटतो, आणि ज्याच्या खोलीत जास्त वाफ येते तो भाडेकरू बिनधास्त खिडकी उघडतो. त्यातून बऱ्याच बॉयलरांचं नियंत्रण बाहेरच्या तापमानावर किंवा घड्याळावर असतं. आपल्या खोलीत काय चाललंय हे त्या यंत्राला कळतच नाही.

आमची गोष्ट जानेवारी २०१९ ची. क्वीन्समध्ये चौथ्या मजल्यावर आम्ही चौघं, एक सांगलीचा, एक नागपूरचा, दोघं पुण्याचे. इमारतीची देखभाल करणाऱ्याला तिथे 'सुपर' म्हणतात. भला माणूस होता. त्याने दोन व्हेंट बदलले आणि अर्ध्या तासात खोली तापली. पण रात्री अकराला टायमर बॉयलर बंद करायचा, तो पहाटे पाचपर्यंत. एका रात्री नागपूरकराने गॅसचा ओव्हन पेटवून दार उघडं ठेवलं. शेजारच्या आजींनी ते पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साठला तर माणूस झोपेतच जातो, त्याला ना रंग ना वास. आम्ही चार इंजिनियर, आणि हे आजींनी सांगायचं!

मालकांना फोन केला तर म्हणाले, "५५ च्या वर आहे ना? मग कायद्यात बसतं." त्यांचं चुकलं होतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं. २०१७ पर्यंत रात्रीचा नियम तसाच होता, बाहेर ४० च्या खाली गेलं तर आत ५५. त्या वर्षी ऑक्टोबरपासून तो ६२ झाला. आम्ही काही डॉलरचा थर्मामीटर आणला आणि वहीत तारीख, वेळ, आतलं आणि बाहेरचं तापमान लिहायला लागलो. रात्री दोन वाजता ५८. चौदा रात्री, पाळी लावून. (सबमिशनलाही इतकी प्रामाणिक रीडिंग्ज मी कधी घेतली नव्हती.)

मग ३११ या शहराच्या क्रमांकावर तक्रार. इन्स्पेक्टर आले दुपारी, घरात ७० अंश, तक्रार बंद! दुसऱ्यांदा आजींसकट सहा घरांनी मिळून तक्रार केली. या वेळी ते रात्री उशिरा आले, ६० भरलं, आणि मालकांवर 'सी' वर्गाचं उल्लंघन लागलं, म्हणजे तातडीच्या धोक्याचं. दोन दिवसांत टायमर बदलला.

भाडंच द्यायचं नाही, असं सांगलीकराचं म्हणणं होतं. घर राहण्यायोग्य ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे असं न्यूयॉर्क राज्याचा १९७५ चा कायदा सांगतो, आणि त्या आधारे भाडं अडवून ठेवणारे असतात. पण मग मालक भाडं थकवल्याचा दावा लावतो, आणि विद्यार्थ्याच्या नावावर कोर्टाची केस चढते. त्यापेक्षा आपणच हाउसिंग कोर्टात दुरुस्तीचा अर्ज करावा. त्याला 'एचपी अ‍ॅक्शन' म्हणतात. भाडं अडवायचंच असेल तर पैसे खर्च न करता बाजूला ठेवावेत, आणि आधी वकिलाला विचारावं.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर ९ जानेवारी २०२२ आठवा. ब्रॉन्क्समधल्या १९ मजली इमारतीत एका घरातला इलेक्ट्रिक हीटर बिघडून आग लागली. आपोआप बंद व्हायला हवीत ती दारं बंद झाली नाहीत आणि धूर जिन्याने वर गेला. १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं. घरं पुरेशी गरम नसतात, ही तिथल्या काही रहिवाशांची तक्रार होती.

इन्स्पेक्टर यायच्या वेळी नेमकं घर गरम असतं, यावर काही तरुण प्रोग्रॅमरांनी २०१४ मध्ये उपाय काढला. 'हीट सीक' नावाच्या त्यांच्या संस्थेने भाडेकरूंच्या घरात तापमानाचे छोटे सेन्सर बसवले. ते ठरावीक वेळाने नोंद पाठवतात आणि तोच कागद कोर्टात पुरावा म्हणून पुढे करता येतो. पुढे २०२० मध्ये शहरानेच निवडक इमारतींत असे सेन्सर लावायचा कायदा केला.

आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पाणी आणि वीज अत्यावश्यक सेवांत मोडतात, मालकाला ती तोडता येत नाहीत. पाणी किती गरम हवं, याबद्दल मात्र त्यात एक अंशही नाही. असो. तिसऱ्या वर्षाच्या दोघांना मी मिनी प्रोजेक्ट म्हणून होस्टेलच्या सोलर टाकीला सेन्सर लावायला सांगितलंय. रेक्टर सरांना अजून कळवलेलं नाही.