विमानांतील रिकामी जागा



घरांतील मुलगा विमान कंपनींत नोकरीस लागला, कीं आप्तेष्टांत एक समजूत लागलीच पसरते. आतां या घराला सारें जग फुकट! उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे विचारणा सुरू होते, "काय हो, अमेरिकेचें जमवाल ना?" आणि जमलें नाहीं, तर त्या बिचाऱ्याच्या माथीं आळसाचा किंवा आपमतलबीपणाचा ठपका बसतो. ही समजूत कोठें चुकते, तें आज अटलांटिक महासागरावरील विमानांच्या उदाहरणानें पाहावयाचें आहे. युरोप व अमेरिका यांना जोडणाऱ्या या मार्गांवर विमानांचा हंगाम आणि नोकरवर्गाची सवलत यांचा मेळ कसा बसत नाहीं, हें फार स्पष्ट दिसतें.

हंगामी वाहतूक म्हणजे काय, हें आपणांस नवें नाहीं. आषाढी एकादशी जवळ आली कीं पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात, आणि वारी सरली कीं त्याच गाड्या आपल्या नित्याच्या मार्गांवर परत जातात. अटलांटिकवर हा हंगाम प्रथम निसर्गानें ठरविला. सन १९३९ च्या उन्हाळ्यांत पॅन अमेरिकन कंपनीनें पाण्यावर उतरणाऱ्या विमानांतून या महासागरापलीकडे उतारूंची ने-आण सुरू केली. त्यांचा उत्तरेकडील मार्ग न्यूफाउंडलंडमधील बॉटवुड व आयर्लंडमधील फॉइन्स येथून जाई. हिंवाळ्यांत बॉटवुडचें पाणी गोठे. अशा दिवसांत दक्षिणेकडून, अझोर्स बेटें व लिस्बन यांच्या वाटेनेंच जावें लागे. पुढें जमिनीवर उतरणारीं मोठीं विमानें आलीं, मागून जेट विमानें आलीं, आणि बर्फाची ही अडचण संपली. आपल्या एअर इंडियानेंही १९६० च्या मे महिन्यांत बोइंग ७०७ विमानानें लंडनहून न्यूयॉर्कची वाट धरली.

बर्फाची अडचण गेली, पण हंगाम राहिला. तो निसर्गाच्या हातून माणसाच्या हातीं आला एवढेंच. विमानव्यवसायांत वर्षाचे दोन भाग मानतात. मार्चच्या शेवटच्या रविवारीं उन्हाळी वेळापत्रक सुरू होतें आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं हिंवाळी. लंडन व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान व्यापारी व कामकरी लोकांची जा-ये बारमाही असते, म्हणून तेथील विमानेंही बारमाही असतात. परंतु जून ते ऑगस्ट या काळांत शाळांना सुटी मिळतांच अमेरिकन कुटुंबें समुद्रकिनारीं व बेटांवर जाऊं लागतात, आणि त्यांच्यासाठीं खास मार्ग उघडले जातात. युनायटेड कंपनीनें न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कहून क्रोएशियांतील दुब्रोव्हनिक येथें २०२१ सालीं, आणि अझोर्समधील पोंता देल्गादा येथें २०२२ सालीं उन्हाळी विमानें सुरू केलीं, तीं याच जातीचीं. हिंवाळा लागला कीं अशा ठिकाणीं जाणारा उतारू उरत नाहीं. मग तीं विमानें ऊबदार देशांकडे वळवितात, किंवा मोठ्या दुरुस्तीसाठीं कारखान्यांत नेतात.

आतां सवलतीकडे वळूं. आपल्याकडे रेल्वेच्या नोकराला पास मिळतो, आणि त्या पासावर त्याला जागा आगाऊ राखून ठेवतां येते. विमान कंपनीच्या नोकराला मिळणारी नेहमींची सवलत तशी नसते. तिला 'स्टँडबाय' म्हणतात. भाडें अगदीं थोडें, कधीं मुळींच नाहीं. पण विमानतळाचे व सरकारचे कर बहुधा भरावेच लागतात. मुख्य म्हणजे जागेची हमी नसते. नोकरानें यादींत नांव घालावयाचें, सामान घेऊन विमानतळावर जावयाचें, आणि भाडें भरलेले सर्व उतारू चढेपर्यंत उभें राहावयाचें. त्यानंतर जागा उरली, तर यादींतील क्रमानें हांक येते. हा क्रम कोठें नोकरींतील ज्येष्ठतेवर ठरतो, तर कोठें विमानतळावर नोंद करण्याच्या वेळेवर. स्वतःच्या कंपनीची माणसें आधीं, परक्या कंपनीचीं मागाहून. परक्या विमानांतून जाण्यासाठीं अनेक कंपन्यांनीं आपसांत करार केले आहेत व त्यांत अंतराचे टप्पे पाडून त्यांप्रमाणें भाडें ठरविलें आहे. पण तेथेंही नियम हाच, कीं उरेल तर मिळेल.

कंपनी हें कां देते? मंडईंत सकाळीं महाग असलेली मेथीची जुडी दिवेलागणीला स्वस्त होते, कारण ती उद्यांपर्यंत टिकत नाहीं. विमानांतील जागा तर मेथीहूनही नाशवंत! दार लागलें कीं तिची किंमत शून्य. अशी वायां जाणारी जागा नोकराला दिली, तर कंपनीचें फारसें कांहीं जात नाहीं आणि नोकराला मोठा लाभ होतो. म्हणजे ही सवलत कंपनीच्या भरभराटीवर वाढत नसून तिच्या न विकलेल्या मालावर वाढते.

येथेंच खरी अडचण आहे. अटलांटिकवर रिकाम्या जागा सांपडतात त्या जानेवारी-फेब्रुवारींत. पण त्या दिवसांत दुब्रोव्हनिकसारखे हंगामी मार्ग बंद असतात. जुलैंत ते मार्ग चालू असतात. पण तेव्हां जागा विकलेल्या असतात. ज्या दिवसांत विमान आहे त्या दिवसांत जागा नाहीं, आणि ज्या दिवसांत जागा आहे त्या दिवसांत विमान नाहीं. त्यांतच आतां लहान विमानांची भर पडली आहे. आयबेरिया कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें माद्रिदहून बोस्टनला एअरबस ए३२१एक्सएलआर या जातीचें विमान प्रथम नेलें. त्यांत १८२ जागा आहेत. अशा विमानांमुळें लहान शहरांनाही अटलांटिकपारचा मार्ग परवडूं लागला, हा लाभ खरा. पण मुळांतच जागा कमी, तेव्हां उरणाऱ्याही कमीच.

दुसरें कारण वाऱ्याचें. या महासागरावर उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. न्यूयॉर्कहून लंडनला येण्यास सुमारें सात तास लागतात, तर उलट जाण्यास सुमारें आठ. वारा फार प्रतिकूल असला कीं इंधन अधिक घ्यावें लागतें, आणि कधीं वजनाची मर्यादा गांठल्यामुळें जागा रिकामी असूनही ती देतां येत नाहीं. यादींत पहिलें नांव असलेला माणूस रिकाम्या खुर्च्या डोळ्यांनीं पाहतो आणि विमान त्याच्यावांचून निघून जातें!

यावर कांहीं कंपन्या हंगामाच्या ऐन भरांत ठराविक मार्गांवर सवलत काहीं दिवस बंदच ठेवतात. परक्या कंपन्यांच्या नोकरांस ही बंदी विशेषेंकरून लागू होते. नोकरवर्गांत याची चर्चा पुष्कळ चालते. ते म्हणतात, उन्हाळ्यांत आम्हींच सर्वांत अधिक राबावयाचें, आणि आमच्याच मुलांच्या सुटींत दार बंद! हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. कंपनीचें उत्तर असें, कीं एखादें विमान रद्द झालें तर त्यांतील पैसे भरलेल्या उतारूंना उरलेली जागा आधीं मिळाली पाहिजे. दोन्ही बाजू ऐकल्यावर मला वाटतें, बंदी असण्यापेक्षां ती आगाऊ न कळणें हें अधिक दुःखाचें आहे.

अनुभवी नोकरमाणसें जाण्यापेक्षां येण्याचा विचार आधीं करतात. हंगामी विमान आठवड्यांतून तीन-चार दिवसच असलें, तर एक चुकलें कीं दोन दिवस गेले. आणि पुढचेंही भरलेलेंच. ऑगस्ट सरतांना शाळा उघडण्याच्या घाईनें अमेरिकेकडे परतणारीं विमानें भरून जातात. ऑक्टोबरांत हंगामाचें अखेरचें विमान सुटलें, तर माद्रिद, लिस्बन किंवा लंडन गांठून तेथून वाट शोधावी लागते. हॉटेलचा खर्च स्वतःचा, रजा संपलेली, आणि ऐन वेळीं काढलेलें तिकीट आगाऊ काढलेल्या तिकिटाहून पुष्कळ महाग. म्हणूनच तीं माणसें एकमेकांस सांगतात, कीं दिवसांतून अनेक विमानें सुटणारें शहर निवडा, दुसरी वाट तयार ठेवा, आणि पूर्ण भाड्याचे पैसे जवळ बाळगा.

आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीयास लंडनमध्यें विमान बदलतांना ब्रिटनच्या व्हिसावांचून जाण्याची सूट कांहीं अटींवर मिळते. त्यांतील एक अट पुढील विमानांत पक्की जागा असण्याची आहे. स्टँडबायच्या उतारूपाशीं नेमकी तीच नसते.

माझा एक जुना विद्यार्थी लंडनच्या विमानतळावर एका कंपनींत काम करतो. न्यू जर्सींत बहिणीच्या मुलाचें बारसें होतें, तेंही जुलैंत. आईवडिलांसाठीं त्यानें सवलत बाजूस ठेवून पूर्ण भाड्याचीं तिकिटें काढलीं. नातलगांनीं त्याला उधळ्या म्हटलें. मला तो म्हणाला, "सर, मी एकटा असतों तर दोन रात्री बांकावर काढल्या असत्या. पण बाबांच्या इन्शुलिनची वेळ मी त्या यादीवर कशी सोडूं?" हिशोब त्याचाच बरोबर होता, असें मी म्हणेन.

या सवलतींत माणूस पैशाऐवजीं वेळ व निश्चिंतता मोजतो. ज्याच्यापाशीं मोकळे दिवस आहेत, प्रकृति धड आहे आणि पोंचण्याची तिथि ठरलेली नाहीं, त्याला ती वरदान आहे. लग्न, बारसें, शस्त्रक्रिया किंवा परीक्षा यांसाठीं जावयाचें असेल, तर पक्कें तिकीटच काढावें. आणि आपल्या घरचा विमान कंपनींतला मुलगा किंवा सून जुलै महिन्याबद्दल 'नाहीं' म्हणाली, तर त्या 'नाहीं'मागें भरलेलें विमान उभें आहे, मनाचा कोतेपणा नव्हे, हें ध्यानांत धरावें. त्यांना फेब्रुवारीचें विचारून पाहावें. तेव्हां बहुधा होकार मिळेल. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.