मोरचूद : घातक किती, जोखीम किती?

शाळेच्या प्रयोगशाळेतील रसायनांच्या कपाटात सर्वांत देखणी बाटली असते ती मोरचुदाची. दहावीपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे निळे स्फटिक पाहिलेले असतात. ते तापवून पांढरे केलेले असतात, त्यांच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून त्यावर चढलेले तांबे पाहिलेले असते. हेच मोरचूद विषारी आहे हेही सर्वांना ऐकून माहीत असते. मात्र 'विषारी' म्हणजे नेमके किती, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्यामुळे शाळांमध्ये दोन टोकाच्या भूमिका आढळतात. काही शिक्षक बाटली कुलुपात ठेवून प्रयोग फळ्यावरच उरकतात. काही म्हणतात, इतकी वर्षे हाताळतो आहोत, काय झाले? या दोन्ही भूमिकांमागे हिशेब नसतो. तो कसा करावा, हे या लेखात पाहू.

हिशेबासाठी आम्ही वसई तालुक्यातील उमेळे हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. नायगाव स्थानकाच्या पश्चिमेला असलेला हा परिसर झपाट्याने शहरी होत आहे. तरीही वसईच्या या पट्ट्यात वाड्या, विहिरी आणि बावखले यांचे नाते पूर्ण तुटलेले नाही. अशा गावात मोरचूद तीन ठिकाणी भेटते : शाळेत, वाडीत आणि शेवटी पाण्यात. तिन्ही ठिकाणी पदार्थ एकच, पण प्रश्न वेगवेगळे आहेत.

घातकता आणि जोखीम

हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो. घातकता हा पदार्थाचा अंगभूत गुण आहे. मोरचूद डोळ्यात गेले तर गंभीर इजा करते, ही त्याची घातकता. ते डोळ्यात जाण्याची शक्यता किती आणि गेले तर किती प्रमाणात, यावर जोखीम ठरते. कपाटातल्या बंद बाटलीची घातकता कायम असते, जोखीम मात्र नगण्य असते. तेच द्रावण चाळीस मुलांच्या हाती चष्म्यावाचून दिले, की घातकता तीच राहून जोखीम अनेक पटींनी वाढते.

म्हणून कोणत्याही रसायनाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करतात. पदार्थ काय इजा करू शकतो हे पाहणे ही पहिली पायरी. किती मात्रेला किती इजा होते हे पाहणे ही दुसरी. ती मात्रा कोणापर्यंत, कोणत्या वाटेने पोहोचू शकते हे पाहणे ही तिसरी. या तिन्हींवरून जोखीम ठरवणे ही चौथी. बहुतेक चर्चा पहिल्या पायरीवरच थांबतात.

बाटली काय सांगते?

पहिल्या पायरीचे काम बरेचसे बाटलीच्या वेष्टनावरच झालेले असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार लाल किनारीच्या चौकटीत काही चित्रे छापतात. मोरचुदाच्या बाटलीवर सहसा उद्गारचिन्ह (गिळल्यास अपायकारक), हातावर व धातूवर सांडणारे द्रव (येथे अर्थ : डोळ्यांना गंभीर इजा) आणि वाळलेले झाड व मेलेला मासा (जलचरांना अतिशय विषारी) ही चित्रे दिसतात. विद्यार्थ्यांना ती एकदा नीट वाचायला लावावीत. तिसरे चित्र पाहून मुले चकित होतात, कारण प्रयोगशाळेत माशांचा विचार कोणी करत नाही.

मात्रेचा हिशेब

मोरचूद म्हणजे स्फटिकजलाचे पाच रेणू असलेले कॉपर सल्फेट. त्याच्या वजनाचा सुमारे एक चतुर्थांश भाग तांब्याचा असतो. तांबे शरीराला परके नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते आणि रोजच्या आहारातून एक-दोन मिलिग्रॅम लागतेही. जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या यंत्रणेच्या आवाक्याबाहेर तांबे आले की मात्र पोट आणि आतडी यांचा दाह होतो, रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता शाळेतले ५ टक्के द्रावण घेऊ. बोटाला लागलेला एक थेंब तोंडात गेला तर त्यातून सुमारे ०.६ मिलिग्रॅम तांबे जाते, म्हणजे दिवसाच्या गरजेहूनही कमी. याच द्रावणाचे ५ मिलिलिटर तोंडाने पिपेट ओढताना गिळले गेले, तर सुमारे ६४ मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. मळमळ आणि उलट्या होण्यास ते पुरेसे आहे. निळ्या खडीसाखरेसारखे दिसतात म्हणून लहान मुलाने चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम स्फटिक खाल्ले, तर १.२५ ग्रॅमहून अधिक तांबे जाते आणि मुलाच्या जिवाला धोका निर्माण होतो. पदार्थ एकच, पण पहिला प्रसंग हात धुण्याचा, दुसरा डॉक्टरांकडे जाण्याचा आणि तिसरा धावपळ करून रुग्णालय गाठण्याचा आहे. एके काळी उलटी करवण्यासाठी वैद्यकात मोरचूद देत असत. उलटीची मात्रा आणि विषबाधेची मात्रा यांत पुरेसे अंतर नाही, हे लक्षात आल्यावर तो उपाय सोडून देण्यात आला.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम सुचवली आहे. भारतीय मानकात (२०१२) स्वीकारार्ह मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

पुण्यातील धडा

मात्रेइतकेच महत्त्व आहे ते कोणाला आणि किती काळ या प्रश्नाला. त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. भारतात एक ते तीन वर्षांच्या बालकांमध्ये यकृत घट्ट होत जाण्याचा एक जीवघेणा रोग पूर्वी सर्रास आढळत असे. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण नेहमीपेक्षा अनेक पटींनी वाढलेले दिसे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या कोड्याचा पाठपुरावा केला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी एक शक्यता मांडली : या मुलांना फार लवकर जनावराचे दूध सुरू केले जाते, आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले असते. दुधातील प्रथिने भांड्यातले तांबे चटकन धरून ठेवतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना केली, तेव्हा याच निष्कर्षाला पुष्टी मिळाली.

अर्भकाचे यकृत जन्मतःच तांब्याचा साठा घेऊन येते आणि जादा तांबे बाहेर टाकण्याची त्याची क्षमता अजून अपुरी असते. त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांना न बाधणारी मात्रा त्याला बाधली. असे दूध प्यायलेल्या सर्वच मुलांना हा रोग झाला नाही, म्हणून काही मुलांत जन्मजात दुर्बलता असावी असेही मानले जाते. पितळी भांड्यांची जागा स्टीलने घेतली आणि कारण घरोघर पोहोचले, तसा हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. एका भांड्याच्या बदलाने मुले वाचली. म्हणून 'आम्हांला इतकी वर्षे काही झाले नाही' हा युक्तिवाद मुलांच्या बाबतीत कधीच पुरेसा नसतो.

वाडीतले मोरचूद

शेतीत मोरचुदाचा मोठा वापर होतो तो बोर्डो मिश्रणासाठी. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर मोरचूद व चुना यांचे मिश्रण मारत, ते वाटसरूंना फळे विषारी वाटावीत म्हणून! अशा वेलींवर केवडा रोग कमी पडतो, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. आज पानवेलीची मर, सुपारीची फळगळ, द्राक्षाचा केवडा अशा बुरशीजन्य रोगांवर हे मिश्रण वापरले जाते. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना असतो.

चुन्याचे काम महत्त्वाचे आहे. तो आम्लता घालवतो आणि तांब्याला अविद्राव्य रूपात बांधतो, त्यामुळे पाने करपत नाहीत. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी त्यात लखलखीत लोखंडी पाते बुडवतात. त्यावर तांबूस थर आला तर विद्राव्य तांबे शिल्लक आहे, म्हणजे चुना आणखी हवा. दहावीचा खिळ्याचा प्रयोग आणि वाडीतली ही कसोटी एकच आहे. हे वर्गात अवश्य सांगावे.

फवारणी करणाऱ्याची जोखीम डोळे, त्वचा आणि श्वास या वाटांनी येते. पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या द्राक्षमळ्यांतील कामगारांना फुप्फुसाचा विकार जडल्याची नोंद १९६९ मध्ये झाली. जमिनीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. सेंद्रिय कीटकनाशके काळाच्या ओघात विघटित होऊ शकतात. तांबे हे मूलद्रव्य आहे, त्याचे विघटन होत नाही. ते मातीत साठतच जाते. म्हणून युरोपीय संघाने २०१८ मध्ये तांब्याचा वापर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपर्यंत मर्यादित केला.

बावखलातला हिशेब

आता त्या मेलेल्या माशाच्या चित्राकडे वळू. समजा, उमेळ्याच्या शाळेत चाळीस मुलांनी प्रत्येकी २० मिलिलिटर ५ टक्के द्रावण वापरले. एकूण मोरचूद झाले ४० ग्रॅम, म्हणजे तांबे सुमारे १० ग्रॅम. हे तांबे पिण्याच्या पाण्याच्या २ मिलिग्रॅम या मर्यादेत आणायचे तर ५,००० लिटर पाणी लागेल. माणसापुरता विचार केला तर आकडा फार भयंकर वाटत नाही.

मासे मात्र कल्ल्यांनी पाण्यातील क्षार घेतात, आणि तांब्याचे आयन नेमका तिथेच अडथळा आणतात. क्षार कमी असलेल्या मृदू पाण्यात ट्राउटची पिल्ले लिटरला २० ते १०० मायक्रोग्रॅम इतक्या तांब्यानेही मरतात, आणि डॅफ्नियासारखे सूक्ष्म जलचर त्याहून नाजूक असतात. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल अशा बावखलात ६ लाख लिटर पाणी मावते. आपले १० ग्रॅम तांबे त्यात पूर्णपणे विरघळले तर लिटरला सुमारे १७ मायक्रोग्रॅम होतील. एका वर्गाच्या एका तासिकेने आपण धोक्याच्या उंबरठ्याशी पोहोचलो! पंधरा लिटरच्या फवारणी पंपातले उरलेले बोर्डो मिश्रण ओतले, तर सुमारे ३८ ग्रॅम तांबे पाण्यात जाते.

हा झाला सर्वांत वाईट परिस्थितीचा अंदाज. प्रत्यक्षात बोर्डोमधील तांबे बरेचसे अविद्राव्य असते. पाणी कठीण असेल तर त्यातील कॅल्शियम कल्ल्यांवर तांब्याशी स्पर्धा करते. कुजलेल्या पालापाचोळ्यातील सेंद्रिय द्रव्ये तांब्याला बांधतात आणि बरेच तांबे गाळात बसते. म्हणून एका दिवसात मासे तरंगू लागतील असे नाही. पण गाळात साठलेले तांबे तिथेच राहते, आणि दर वर्षी त्यात भर पडते. शिवाय डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आपण ज्या पाण्यात सोडतो, तिथेच त्यांना मारणारा पदार्थ ओतणे म्हणजे आरोग्याचा दुहेरी तोटा.

शाळेत काय करावे?

हिशेब झाल्यावर निर्णय सोपे होतात. मोरचूद हद्दपार करण्याची गरज नाही. जोखीम कमी करणे आपल्या हाती आहे.

पहिला उपाय प्रमाण कमी करण्याचा. खिळ्याच्या प्रयोगाला १ टक्का द्रावण आणि प्रत्येकी ५ मिलिलिटर पुरते. चाळीस मुलांना मिळून मोरचूद लागते २ ग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या विसाव्या हिश्श्याइतके. जोड्या केल्या तर त्याच्याही निम्मे.

दुसरा उपाय वाटा बंद करण्याचा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, पिपेट तोंडाने कधीही ओढू नये, प्रयोगानंतर साबणाने हात धुवावेत. स्फटिक तापवताना चिमूटभरच घ्यावेत आणि परीक्षानळीचे तोंड कोणाकडेही नसावे. पांढरी पूड झाली की थांबावे. फार तापवले तर गंधकाच्या ऑक्साइडांचे झोंबणारे वायू निघतात. पांढऱ्या पुडीवर पाणी थेंबाथेंबानेच टाकावे, कारण उष्णता बाहेर पडते. स्फटिक वाढवण्याचा उपक्रम लहान वर्गांना घरी द्यायचा असेल तर तुरटी वापरावी. मोरचूद घरी देऊ नये, आणि शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

तिसरा उपाय उरलेल्या द्रावणाचा. ते मोरीत न ओतता एका बरणीत साठवावे. त्यात जुने खिळे टाकून ठेवावेत. निळा रंग गेला की चुना किंवा धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसू द्यावा. रंग गेला म्हणजे तांबे संपले असे समजू नये. वरच्या नितळ पाण्याचा नमुना घेऊन त्यात अमोनियाचे काही थेंब टाकावेत. निळसर छटा आली तर तांबे अजून शिल्लक आहे. गाळ सुकवून, नाव लिहून बंद डब्यात ठेवावा.

अपघात झालाच तर डोळा वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावा आणि नेत्रतज्ज्ञाला दाखवावा. पोटात गेल्यास चूळ भरायला लावावी, उलटी मुद्दाम करवू नये, आणि बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

हा सारा हिशेब आठवी-नववीच्या गणितापलीकडचा नाही. म्हणून तो शिक्षकांनी एकट्याने न करता मुलांकडून करून घ्यावा. आपल्या शाळेत वर्षाला किती मोरचूद लागते, ते कोठे जाते, जवळच्या विहिरीत किंवा बावखलात किती पाणी आहे, हे आकडे मुलांनीच गोळा करावेत. हीच पद्धत पुढे घरातल्या फिनेललाही लागू पडते आणि गावाजवळच्या कारखान्यालाही.