जंतूचा पत्ता

अकोले गावातून भंडारदऱ्याकडे निघालं की वाटेत राजूर लागतं. पर्यटक तिथे पेढे घ्यायला थांबतात. आसपासच्या पाड्यांवरच्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांसाठी मात्र राजूर म्हणजे बाजार, दवाखाना, एस.टी. आणि आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार याच कचेरीतून चालतो. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलांच्या रोजच्या ताटाची जबाबदारी कागदोपत्री राजूरला येऊन थांबते.

2025 च्या उन्हाळ्यात याच राजूरमध्ये काविळीची साथ आली. बोट दूषित पाण्याकडे दाखवलं गेलं, धावपळ झाली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. कावीळ डोळ्यांत दिसते, नखांत दिसते, त्यामुळे अशी साथ फार दिवस लपत नाही. या लेखाचा विषय असलेला सॅल्मोनेला हा जिवाणू काविळीच्या विषाणूपेक्षा वेगळ्या कुळातला. पण दोघांचा पोटात शिरण्याचा एक मार्ग सारखाच आहे. विष्ठेतून पाण्यात किंवा हातावर, आणि तिथून तोंडात. फरक असा की सॅल्मोनेला अंगावर सहसा डोळ्यांत भरणारी खूण ठेवत नाही. तो ‘जुलाब-उलट्या’ म्हणून येतो, ‘विषबाधा’ म्हणून बातमीत छापला जातो, नाहीतर ‘मुदतीचा ताप’ म्हणून तीन आठवडे अंथरुणाला खिळवतो. सलाईन लागतं, गोळ्या दिल्या जातात, माणूस बरा होतो. तो कशाने आजारी पडला हे मात्र बहुतेक वेळा कोणी शोधत नाही. माझी तक्रार नेमकी याच जागी आहे.

कारण जंतूचं नाव-गाव शोधून काढण्याची विद्या नवी नाही, आणि तिच्यात महाराष्ट्राचं नाव जुनं आहे. 2015 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माणसं धडाधड आजारी पडू लागली. चाळीस राज्यांत मिळून 907 रुग्ण निघाले, सहा जण दगावले. शोध घेता घेता बोट मेक्सिकोतून आलेल्या काकड्यांवर गेलं. त्या काकड्यांवरच्या जंतूचं नाव होतं सॅल्मोनेला पूना. हे पूना म्हणजे आपलं पुणं. सॅल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त उपप्रकार आहेत, आणि पहिल्यांदा जिथे सापडला त्या गावाचं नाव उपप्रकाराला देण्याची पद्धत फार पूर्वी पडली. त्यामुळे विज्ञानाच्या यादीत डब्लिन आहे, पनामा आहे, आपल्याकडचं बरेली आहे आणि 1930 च्या दशकात दाखल झालेलं पुणंही आहे. काकडीच्या साथीत पुण्याचा दोष काहीच नव्हता. नाव तेवढं आपलं.

पण त्या नावामागचं काम पाहा. प्रतिजैविकं हाताशी नव्हती, जनुकांचं वाचन कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, अशा काळात प्रयोगशाळेतल्या कोणीतरी रुग्णाच्या नमुन्यातून जंतू वाढवला आणि हा आधीच्या कुठल्याच प्रकाराशी जुळत नाही अशी खात्री करून घेतली. ती नोंद होती म्हणून ऐंशी वर्षांनी वेगवेगळ्या राज्यांतले रुग्ण एका धाग्यात ओवता आले. 2012 मध्ये सॅल्मोनेला बरेलीची अशीच साथ अमेरिकेत आली. ती कच्च्या ट्यूना माशाच्या खरवडलेल्या मांसातून पसरली होती, आणि ते मांस भारतातून गेलं होतं. जंतूच्या जनुकांची अक्षरं जुळवत तपास थेट केरळच्या किनाऱ्यापर्यंत आला. एवढ्या लांबून पत्ता लागतो, आणि आपल्याच तालुक्यात तो लागत नाही.

सॅल्मोनेला हे नाव डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्यावरून पडलं, पण 1885 च्या सुमाराला डुकरांतून तो वेगळा काढण्याचं काम त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी केलं होतं. अन्नाशी त्याचा संबंध पक्का झाला तो 1888 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकेनहाउझेन गावात. आजारी गाय कापली गेली, मांस विकलं गेलं, पन्नासहून अधिक माणसं आजारी पडली. भरपूर कच्चं मांस खाल्लेला एक जण मेला. ऑगस्ट गेर्टनर यांनी गायीच्या मांसातून आणि त्या मृताच्या शरीरातून एकच जंतू वाढवून दाखवला. ताट आणि रोगी यांच्यामध्ये पुराव्याची साखळी अशी पहिल्यांदा जोडली गेली. आजच्या अन्नसुरक्षेच्या कायद्यांचा पाया ही साखळी आहे.

या कुळाच्या दोन शाखा ध्यानात ठेवाव्यात, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. विषमज्वराचा म्हणजे टायफॉइडचा सॅल्मोनेला फक्त माणसात राहतो. बरं झाल्यावरही काही जणांच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, आणि असा माणूस स्वतः ठणठणीत असतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन 1907 मध्ये अशीच सापडली. तिला आयुष्यातली वीसहून जास्त वर्षं सक्तीच्या एकांतात काढावी लागली, आणि तिच्याबद्दल वाचताना विज्ञानाचं कौतुक वाटण्याआधी त्या बाईची दया येते. दुसरी शाखा जनावरांची: कोंबड्या, गाईगुरं, डुकरं, पाली, कासवं. ही अंड्यातून, मांसातून, कच्च्या दुधातून, शेणाच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीतून येते आणि सहा तासांपासून तीन दिवसांत पोट बिघडवते. टायफॉइडला मात्र एक ते तीन आठवडे लागतात. ताप चढेपर्यंत कुठल्या लग्नात काय खाल्लं, हे माणूस पार विसरलेला असतो.

टायफॉइड भारतात किती आहे, याचा खरा हिशेब अलीकडेच लागला. 2017 ते 2020 या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू अशा ठिकाणी सुमारे 24 हजार मुलांवर सतत लक्ष ठेवलं गेलं; वढूचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं. ताप तीन दिवस टिकला की रक्ताचं कल्चर करायचं, असा नेम होता. 2023 मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. दर लाख मुलांमागे वर्षाला वेल्लोरमध्ये 1173, कोलकात्यात 714, दिल्लीत 576 आणि ग्रामीण वढूत फक्त 35. एकाच देशात तीस-पस्तीस पटींचा फरक! मला यातून दिसतं ते असं: दाट वस्तीत गटार आणि नळ शेजारी शेजारी धावतात, विरळ खेड्यात तसं होत नाही. पण खेडं वाढून बाजारगाव झालं, घरं चिकटली, शौचालयांचे शोषखड्डे आणि पाण्याच्या जुन्या वाहिन्या जवळ आल्या, की खेड्याचं हे संरक्षण संपतं. राजूर याच उंबरठ्यावर उभं आहे. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेत मुलांना दिली. जगात सरकारी पातळीवर ती पहिल्यांदा तिथे दिली गेली. लाखाहून अधिक मुलांना पहिल्या टप्प्यातच लस मिळाली. महाराष्ट्राला हे जमतं, हे सांगायला एवढं पुरे.

आता बाजारगावातल्या दवाखान्यात काय होतं ते पाहू. चार दिवस ताप आहे म्हटलं की रक्त घेतलं जातं आणि तासाभरात चिठ्ठी येते: ‘विडाल पॉझिटिव्ह’. ही चाचणी फेर्नां विडाल यांनी 1896 मध्ये आणली. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने पूर्वी कधी किंवा आत्ता तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. जिथे हा आजार नेहमीचाच, तिथे निरोगी माणसाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. दुसऱ्याच तापातही येते. तरी त्या चिठ्ठीवर प्रतिजैविकांची मात्रा सुरू होते. रक्ताचं कल्चर हा खरा पुरावा. तेही दहापैकी सहा वेळाच जंतू पकडतं, आणि औषधाचा डोस पोटात गेला असेल तर त्याहून कमी. पण जेव्हा पकडतं तेव्हा कोणतं औषध लागू पडेल हेही सांगतं. सिंध प्रांतात 2016 पासून पसरलेला टायफॉइड नेहमीच्या जवळपास सगळ्या औषधांना दाद देत नाही. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन बऱ्याच अंशी निकामी झालंच आहे. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी वापरलं जाणारं कोलिस्टिन हे प्रतिजैविक भारताने 2019 मध्ये बंद केलं, हा शहाणपणाचा निर्णय होता.

राजूरचा विषय काढून पेढ्याबद्दल बोललो नाही तर लेख अपुरा राहील. खव्याची कढई हे जंतूंच्या दृष्टीने भयंकर ठिकाण आहे. दूध 72 अंशांवर पंधरा सेकंद राहिलं तरी त्यातला सॅल्मोनेला मरतो. इथे तर ते तासभर रटरटतं, उलथनं तळाशी सतत फिरतं, पाच लिटरांचा एक किलो गोळा होतो. कढईतून उतरलेला खवा बहुतेक निर्मळच असतो. धोका पुढे सुरू होतो. खवा परातीत पसरून निवतो, त्यावर कापड पडतं, कापडावर कालचंच पाणी असतं. मग साखर-वेलची घालून तो हाताने मळला जातो, गोळी वळली जाते आणि अंगठ्याने दाबली जाते. या अंगठ्यानंतर विस्तव नाही. पेढ्यात साखर जास्त आणि पाणी कमी, म्हणून सॅल्मोनेला त्यात वाढत नाही; पण कोरड्या, स्निग्ध पदार्थात तो महिनोन् महिने तग धरतो, आणि स्निग्धांश त्याला जठरातल्या आम्लापासून सांभाळून नेतो. चॉकलेटच्या आणि शेंगदाण्याच्या लोण्याच्या साथींनी जगाला हे शिकवलं. खव्यात खरं तर स्टॅफिलोकॉकस जास्त त्रास देतो, हाताच्या जखमेतून येणारा, आणि त्याचं विष उकळूनही जात नाही. नियम स्पष्ट आहे: दुग्धपदार्थाच्या 25 ग्रॅम नमुन्यात सॅल्मोनेला अजिबात सापडता कामा नये. ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाने ती मागितली पाहिजे.

आश्रमशाळेचं स्वयंपाकघर याहून अवघड आहे. शंभर-दोनशे मुलांची खिचडी एकाच पातेल्यात शिजते. शिजताना जंतू मरतात, पण तेवढं मोठं पातेलं मध्यभागी तासन् तास कोमट राहतं. अशा उबेत एकाचे दोन व्हायला सॅल्मोनेलाला अर्धा तास धरा. दहा तासांत एका जंतूचे दहा लाखांवर होतात. सकाळचं उरलेलं संध्याकाळी वाढलं, शिजलेल्या भातात कच्च्या अंड्याचा हात गेला, किंवा टाकीतल्या पाण्याने धुतलेली काकडी-कांदा वरून पडला, की पुरे. ऑगस्ट 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात डहाणू प्रकल्पाच्या आश्रमशाळांतल्या दोनशेहून अधिक मुलांना मध्यवर्ती स्वयंपाकघराचं जेवण जेवून त्रास झाला. अशा बातम्या महाराष्ट्रात दर पावसाळ्यात येतात. ‘प्रकृती स्थिर’ या दोन शब्दांवर त्या संपतात. मुलं घरी जातात, पातेली घासली जातात, आणि पुरावा मोरीतून वाहून जातो.

प्रयोगशाळेत हा पुरावा कसा उभा राहतो, हे एकदा तरी पाहावं. 25 ग्रॅम अन्न पोषक द्रावणात मिसळून रात्रभर 37 अंशांवर ठेवतात, म्हणजे मरगळलेले जंतू सावरतात. मग दुसऱ्या द्रावणात बाकीच्यांना मागे टाकून सॅल्मोनेलाला वाढू देतात. तिसऱ्या दिवशी लाल रंगाच्या एक्सएलडी माध्यमाच्या बशीवर रेघा ओढतात. सॅल्मोनेला असेल तर त्याच्या पुढच्या दिवशी त्या लाल पटावर काळ्या बुबुळासारखे ठिपके उठतात. गंधकाच्या वायूमुळे त्यांचं मधलं अंग काळं पडतं. मग रक्तद्रवाचा थेंब टाकून उपप्रकार ओळखायचा. चार-पाच दिवस, एक उबवणी पेटी आणि शिकलेला माणूस एवढंच लागतं. उपप्रकार ठरवण्यासाठी कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत राष्ट्रीय केंद्र आहे, जनावरांच्या नमुन्यांसाठी बरेलीजवळ इज्जतनगरला आहे. साथींची दर आठवड्याला नोंद करणारी एकात्मिक रोग सर्वेक्षण यंत्रणा 2004 पासून आहे. त्या नोंदीत ‘अन्नविषबाधा’ हा रकानाही आहे. रिकामं राहतं ते जंतूचं नाव, कारण नमुना घेतलाच जात नाही, किंवा प्रतिजैविक दिल्यानंतर घेतला जातो.

म्हणून राजूरच्या प्रकल्प कार्यालयाला आणि जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला माझी विनंती अगदी साधी आहे. प्रत्येक आश्रमशाळेत रोजच्या जेवणाचा वाटीभर नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात, तारीख लिहून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा. एकाच जेवणानंतर दोन किंवा जास्त मुलं आजारी पडली तर गोळी देण्याआधी शौचाचा नमुना घ्यावा, आणि तो जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपर्यंत बर्फात पोचवण्याची गाडी ठरवून ठेवावी. स्वयंपाक करणाऱ्या मावशींची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, आणि त्यात काही निघालं तर त्यांचा रोजगार न जाता उपचार व्हावेत. पगार जाण्याची भीती असेल तर कोणी पोटाचं दुखणं सांगणार नाही. निकाल आला की तो गावात जाहीर करावा. आणि वाचकांनी, घरात कोणाचा ताप चार दिवसांवर गेला, की विडालच्या चिठ्ठीवर समाधान न मानता औषध सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर करा, असं डॉक्टरांना सांगावं.