लहान लॅपटॉप, जड सॉफ्टवेअर : पैसे देण्याआधी काय बघावे?

बारावीनंतरच्या प्रवेशाच्या याद्या लागल्या की आम्हा शिक्षकांचे फोन वाजू लागतात. पूर्वी पालक विचारायचे, कॉलेज कोणते चांगले? आता त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "सर, लॅपटॉप कोणता घ्यावा?" इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, इंटिरिअर, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग, कुठेही जा, लॅपटॉपशिवाय चालत नाही. घरातली ही बहुतेक वेळा वर्षातली सर्वात मोठी खरेदी असते, आणि ती दुकानात उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत होऊन जाते.

आमची एक जुनी विद्यार्थिनी आर्किटेक्चरला लागली. मुंब्र्याहून रोज लोकलने जाणे-येणे, हातात शीट्सचा रोल, पाठीवर बॅग. त्यामुळे लॅपटॉप लहान आणि हलका हवा, हे घरच्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. वडिलांनी भिशीचे पैसे उचलले आणि "आय सेव्हन आहे, एकदम स्लिम" एवढे ऐकून लॅपटॉप घेतला. पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी रेव्हिट आणि थ्रीडी रेंडरिंग सुरू झाले आणि लॅपटॉप अडखळू लागला. रिपेअरवाल्याने उघडून बघितला आणि पुन्हा बंद करून परत दिला. रॅम ८ जीबी, तीही बोर्डवरच चिकटवलेली, वाढवायची सोय नाही. वडील आम्हाला म्हणाले, "सर, आय सेव्हन तर आय फाइव्हपेक्षा मोठा ना?" चूक त्यांची नव्हती. कोणता शब्द वाचायचा हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी कॉलेजला विचारा, मग दुकानदाराला

पहिला प्रश्न लॅपटॉपचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. चारही वर्षांत कोणकोणती सॉफ्टवेअर लागतील, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून कागदावर लिहून घ्या. प्रत्येक सॉफ्टवेअरची कंपनी आपल्या साइटवर किती रॅम, कोणती सिस्टीम लागते ते देते. रेव्हिटसाठी किमान १६ जीबी रॅम सांगितलेली आहे. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतात. म्हणजे ज्याला ही दोन शिकायची आहेत, त्याने कितीही सुंदर दिसला तरी मॅकबुक घेऊ नये. ऑटोकॅड मॅकवरही चालते आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी मॅक उत्तम आहे, पण मॅकबुक एअरला पंखाच नसतो, लांबलचक कामात तो मंदावतो, हे लक्षात ठेवा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप हलके असतात, बॅटरीही भरपूर टिकते, पण इंजिनिअरिंगची बरीच सॉफ्टवेअर त्यांच्यासाठी बनलेली नाहीत.

आणि ज्याला फक्त प्रोग्रामिंग, टॅली, एक्सेल करायचे आहे, त्याने या सगळ्या खर्चात पडूच नये. १६ जीबी रॅमचा साधा हलका लॅपटॉप त्याला पुरतो.

आकड्यापेक्षा शेवटचे अक्षर महत्त्वाचे

प्रोसेसर काम करतो तेव्हा वीज खातो आणि तापतो. पातळ लॅपटॉपमध्ये पंखा लहान, हवेला जागा कमी. म्हणून कंपन्या पातळ लॅपटॉपसाठी कमी वीज खाणारे प्रोसेसर बनवतात. इंटेलच्या नावात शेवटी 'यू' असेल तर तो बहुधा १५ वॅटचा, 'एच' असेल तर ४५ वॅटचा. एएमडीच्या रायझनमध्येही 'यू' म्हणजे कमी विजेचा, 'एचएस' आणि 'एचएक्स' म्हणजे जास्त ताकदीचा.

एक उदाहरण बघा. इंटेल कोअर आय ७ – १३५५ यू मध्ये ताकदीचे कोअर फक्त २ आहेत, बाकी ८ हलक्या कामाचे. कोअर आय ५ – १३५००एच मध्ये ताकदीचे ४ आणि हलके ८. म्हणजे रेंडरिंगसारख्या जड कामात हा आय फाइव्ह त्या आय सेव्हनच्या पुढे जातो. आमच्या विद्यार्थिनीच्या आय सेव्हनमागेही 'यू' हेच अक्षर होते.

रॅम : आज नाही तर कधीच नाही

लहान लॅपटॉपमध्ये जागा वाचवण्यासाठी रॅम बोर्डवरच सोल्डर करतात. माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर' असे लिहिले असेल तर समजा, ती जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली आहे. नुसते 'डीडीआर' लिहिले असेल तर बहुधा स्लॉट असतो, तरी विचारून घ्या. काही मॉडेलमध्ये अर्धी रॅम सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा असतो, तेही चालते.

दुकानात सुरू असलेल्या लॅपटॉपवर स्वतः तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' दिसले तर रॅम चिकटवलेली, 'एसओडिम' दिसले तर स्लॉटमधली.

आमचा हिशोब सरळ आहे. स्लॉट असेल तर आज १६ जीबी घ्या, पुढे वाढवता येईल. स्लॉट नसेल आणि थ्रीडीचे काम असेल तर पहिल्याच दिवशी ३२ जीबीचा विचार करा. साठवणीची एसएसडी मात्र बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येते, म्हणून पैसे कमी पडत असतील तर एसएसडीवर वाचवा, रॅमवर नको.

ग्राफिक्स कार्ड लागते का?

ऑटोकॅड किंवा रेव्हिटमधले रोजचे ड्रॉइंग मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालते. लुमियन, एनस्केप, ब्लेंडर यांत चित्र तयार करायचे असेल तेव्हा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे.

इथेही नाव फसवते. आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मिळते. स्टिकर तेच, कामात फरक मोठा. म्हणून "कार्ड कोणते" एवढे विचारून थांबू नका, "किती वॅटचे" हेही विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेल नंबरपुढे बघा.

वजन चार्जरसकट मोजा

जड कामाचे १५–१६ इंची लॅपटॉप साधारण सव्वादोन-अडीच किलोचे असतात, वर चार्जरची वीट वेगळी. १४ इंची, दीड-पावणेदोन किलोचे आणि तरीही स्वतंत्र कार्ड असलेले लॅपटॉप मिळतात, उदाहरणार्थ आसुसचा झेफिरस जी १४. पण लहान जागेत ताकद बसवायची तर किंमत चढते. बजेट ठरलेले असेल तर हलका, ताकदवान आणि स्वस्त यांतले दोनच मिळतील. तिसरे सोडावे लागते, आणि कोणते सोडायचे हे घरी बसून ठरवा, काउंटरवर नाही.

बॅटरीवर जड काम संथ होते आणि चार्जही भराभर उतरतो. चार्जर बरोबर न्यावाच लागणार. टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर हलक्या कामाच्या दिवशी लहान चार्जरवर भागते.

शेवटी तापण्याची परीक्षा. सिनेबेंच नावाचे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटे चालवले की लॅपटॉप दमतो का ते कळते. दुकानात चालवू देत नसतील तर यूट्यूबवर त्याच मॉडेलचे परीक्षण बघा आणि पहिल्या मिनिटाचे नाही, दहाव्या मिनिटाचे आकडे बघा.

पैशाच्या दोन गोष्टी

ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी मोफत मिळतात आणि शिक्षण सुरू असेपर्यंत नूतनीकरण होते. त्यामुळे "सगळे सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊन चोरीची प्रत घेऊ नका. दुसरे, बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाचा खर्चही धरला जातो. ज्यांनी फीसाठी कर्ज काढलेच आहे, त्यांनी बँकेत हे विचारून घ्यावे.

आमची विद्यार्थिनी आता घरी ड्रॉइंग करते आणि रेंडरसाठी कॉलेजच्या लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत थांबते. घरी पोचायला रात्र होते. यंदा तिचा धाकटा भाऊ मेकॅनिकलला लागला. या वेळी वडील दुकानात गेले ते खिशात चिठ्ठी घेऊन. तिच्यावर पाच ओळी होत्या : शेवटचे अक्षर कोणते, रॅम किती आणि वाढते का, कार्ड किती वॅटचे, चार्जरसकट वजन किती, सर्व्हिस सेंटर कुठे. दुकानदाराला तीनच उत्तरे आली. ते त्या दिवशी लॅपटॉप न घेता परत आले. आमच्या मते तीच त्यांची खरी खरेदी झाली.