पडवीतला लेथ

कल्याण-अंबरनाथच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेला टर्नर शहापूर-मुरबाडकडे आपल्या गावी परतला, की वर्षभरातच त्याचे हात शिवशिवू लागतात. मग एक दिवस टेम्पोतून गंजकं, तेलकट धूड पडवीसमोर उतरतं. “लेथ मिळाला, अगदी भंगाराच्या भावात!” हे सांगतात, आणि आपण मनातल्या मनात फंडाच्या पैशांचा हिशेब मांडू लागतो.

मैत्रिणींनो, लगेच चिडू नका. पण ‘तुम्हांला काय ते कळतं’ म्हणून गप्पही बसू नका. पैसा घरचा, जागा घरची, म्हणजे यंत्राची तोंडओळख आपल्यालाही हवीच. भंगाराचा भाव हा निम्मासुद्धा खर्च नसतो. वाहतूक, मोटर, चक, हत्यारं हे सारं मागाहून येतं.

म्हणून सौदा होण्याआधी सोबत जा. लेथचा पाया म्हणजे बिडाचा लांब बेड. बहुतेक कामं चकाजवळ होतात, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो. सॅडल चकाजवळ बेताची घट्ट करून दुसऱ्या टोकाकडे सरकवायला सांगा. तिकडे ती अडकू लागली, तर झीज बरीच आहे असं समजावं. बेड पुन्हा घासून सरळ करणं कारखान्याचं काम आहे, आणि ते महाग पडतं. गिअरचे दात तुटलेत का, चक फिरताना खडखडतो का, हेही पाहावं. क्रॉस स्लाइडचं चाक थोडं मोकळं फिरत असेल तर मात्र घाबरू नका. आतलं गनमेटलचं नट नवं करून घेता येतं.

गंमत म्हणजे लेथ आणि बायकांचं मासिक हे एकाच घरातलं! किर्लोस्करवाडीच्या ज्या उद्योगातून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं, त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढली. तिथले लेथ देशभर गेले. तो कारखाना आता बंद आहे, पण त्याचे जुने लेथ अजून विकायला येतात. नवा सुटा भाग मात्र शोधावा लागतो किंवा घडवून घ्यावा लागतो. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं ओळीने आहेत. तिथे एक फेरी मारलेली बरी.

आता साफसफाई. हे आपलंच राज्य! भाग सुटा करण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत. स्क्रू, वायसर लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत वेगवेगळे ठेवून वर चिठ्ठ्या लावाव्यात. जुनं चिकट ग्रीस डिझेलने सुटतं, पण ते काम अंगणात करावं, चुलीपासून लांब. बेडवर एमरी पेपर मात्र घासू देऊ नका. त्याचे कण सांध्यांत शिरून यंत्रच खातात. शिलाईयंत्राला आपण खोबरेल घालत नाही ना? ते चिकट होऊन बसतं. लेथलाही मशीनचंच तेल हवं.

जुनी मोटर बहुधा थ्री फेजची असते आणि घरात वीज सिंगल फेजची. तेव्हा मोटर बदलावी लागेल, नाहीतर जोड उपकरण घ्यावं लागेल. वायरिंग आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. पैसे घेऊन बाहेरची कामं करायची असतील, तर कोणता दर लागेल हे महावितरणच्या कचेरीत आधीच विचारावं. आमच्या भागात कामाला तोटा नाही. पंपाचे बुश, भाताच्या गिरणीचा शाफ्ट, ट्रॅक्टरची पिन असं काहीतरी कुणाचं ना कुणाचं अडलेलंच असतं. मात्र पहिल्या महिन्यापासून मिळकतीची वही आपल्याच हातात असू द्या.

आणि एका बाबतीत अजिबात भिडेने वागू नका. फिरत्या लेथजवळ पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या, लांब बाह्या नकोत. हातमोजेसुद्धा नकोत, कारण चकात सापडले तर ते हातासकट ओढले जातात. चकाची किल्ली चकातच राहिली आणि मोटर सुरू झाली, तर ती गोफणीसारखी सुटते. डोळ्यांना चष्मा हवा. लोखंडाचा कीस पात्यासारखा धारदार असतो, तो हाताने नव्हे, ब्रशने काढावा. पडवीत रांगतं मूल असेल तर मध्ये दार हवंच. ते होईपर्यंत मोटर जोडू देऊ नये. दोन दिवस रुसवा चालेल.

राहता राहिला आपला पाऊस. जूनपासून भिंतींनासुद्धा पाझर फुटतो, तिथे उघड्या लोखंडाची काय कथा! रोज काम संपलं की बेड पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाकावी आणि ती दमट झाली की बदलावी.