तारेचे दुसरे टोक

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागले म्हणजे उद्यमबाग मागे पडताच पिरनवाडी लागते. येथूनच एक फाटा जांबोटीकडे व पुढे चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे वळतो. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला उद्यमबाग व मच्छे येथील कारखाने, असे या परिसराचे दुहेरी जीवन आहे. बाप नांगर धरतो आणि मुलगा यंत्रापुढे उभा राहतो, अशी घरे येथे नवी नाहीत. अशा गावात कारखाना आला म्हणजे काय घडते व तो बंद पडला म्हणजे काय उरते, हे समजून घेण्यास केबलच्या कारखान्याचे उदाहरण फार बोलके आहे. त्याविषयी आज आपणाशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

केबल दिसावयास साधी, पण ती घडते कशी ते पाहा. सुमारे आठ मिलिमीटर जाडीची तांब्याची सळई एकापेक्षा एक लहान छिद्रांच्या साच्यांतून ओढीत नेतात. तांबे तुटत नाही, लांबत जाते. मात्र ओढण्याने ते कडक होते, म्हणून तापवून पुन्हा नरम करावे लागते. मग अशा अनेक बारीक तारांना एकत्र पीळ देतात. कासरा वळणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. एका जाड दोरापेक्षा अनेक धाग्यांचा पीळ अधिक लवचिक असतो, हे त्याच्या हाताला ठाऊकच असते. पुढे दीडशे अंशांहून अधिक उष्णतेने वितळलेल्या पीव्हीसीचे वेष्टन तारेवर चढते, पाण्याच्या पन्हळीतून जाताना ते थंड होते आणि हजारो व्होल्टच्या दाबाखाली त्याची परीक्षा होते. तार केसभर जरी मध्यापासून सरली, तरी एका बाजूचे वेष्टन पातळ पडते आणि तेथेच उद्या ठिणगी उडण्याची भीती असते. म्हणून यंत्र कितीही चांगले असले, तरी कामगाराची नजर त्याहून चांगली असावी लागते.

या नजरेबरोबर गावात आणखी बरेच काही येते. सुगीवर चालणारे घर पगारावर चालू लागते. वाण्याची उधारी पीक हाती येईपर्यंत थांबत नाही, महिन्याच्या महिन्याला फिटते. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो आणि घरातली मुले हळू बोलावयास शिकतात. एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे जेवणाच्या सुट्टीत शेजारी शेजारी डबे उघडतात.

ही झाली मिळकत. धोकाही तितकाच खरा आहे, आणि तो दिसावयास बंगालकडे पाहावे लागते. तेथे आसनसोलजवळ रूपनारायणपूर नावाच्या खेड्यात १९५२ साली सरकारने हिंदुस्थान केबल्स हा कारखाना स्थापन केला. टपाल व तार खात्याला लागणारी दूरध्वनीची केबल देशातच व्हावी, हा त्याचा हेतू. त्याच्याभोवती वसाहत उभी राहिली, शाळा आल्या, बाजार वाढला. परंतु तांब्याच्या तारेतून जाणारा आवाज पुढे काचेच्या तंतूतून जाऊ लागला. हा तंतू जाडीला अवघा १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. पाठोपाठ मोबाईल आला आणि घरापर्यंत तार नेण्याची गरजच ओसरली. उत्पादन थंडावले, मग थांबले, आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखाना बंद करण्यास मान्यता दिली. कामगारांच्या हातांत काही उणे नव्हते. तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेले जगच बदलले होते.

याच्या उलट पुण्याचे उदाहरण. कराचीहून आलेल्या छाब्रिया बंधूंच्या फिनोलेक्सचा आरंभ १९५८ चा. प्रथम मोटारगाड्यांसाठी तारा, मग घरगुती विजेच्या, मग दूरध्वनीच्या, मग काचतंतूच्या, असा पालट ते करीत गेले. पिंपरीनंतर मावळातील उर्से या गावीही त्यांचा कारखाना उभा राहिला. गिऱ्हाईक अनेक असल्याने एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी राहिली.

बेळगावकरांना हा धडा अपरिचित नाही. यमनापूर येथे १९७० च्या सुमारास ॲल्युमिनियम वितळविणाऱ्या भट्ट्या पेटल्या. पुढे वीज महाग व अपुरी पडू लागली, आणि त्या विझल्या. ॲल्युमिना तयार करणारा विभाग मात्र टिकून राहिला.

तेव्हा जमीन विकून मुलाला कारखान्यात धाडणाऱ्या बापाने केवळ पगार किती एवढेच विचारू नये. येथे घडणारी वस्तू कोणाच्या उपयोगाची आहे, गिऱ्हाईक एकच की अनेक, आणि मुलाला एकच यंत्र शिकवितात की सारे काम, हेही विचारावे. साऱ्या कामाची जाण असलेला माणूस एका दारातून दुसऱ्या दारात जाऊ शकतो. विकलेले खाचर मात्र परत येत नाही. कासऱ्याचे बळ अनेक धाग्यांत असते, हे ज्याच्या हाताला कळते, त्याने आपला संसारही एकाच धाग्यावर टांगू नये.